माणिककाकांची सही

माणिककाकांनी माझ्यासमोर पहिली सही केली तेव्हा पेनाचं टोक कागद फाडून टेबलावर घासलं. मी दुसरा फॉर्म दिला, तोही फाटला. "पोरी, जाड कागद आण!" ते ओरडले, आणि काळेवाडीतल्या आमच्या त्या शेअर दलालाच्या ऑफिसातली सगळी माणसं वळून बघायला लागली. काका रागावले नव्हते. चाकणच्या एका कारखान्यात लाल लोखंडावर पडणाऱ्या मोठ्या हातोड्याशेजारी वीस-बावीस वर्षं उभं राहून त्यांचे कान गेले होते. "चहा घे" हेसुद्धा ते दम भरल्यासारखं म्हणायचे.

खरे रागावले की मात्र ते गप्प होत. त्यांच्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरने काम लवकर उरकावं म्हणून मशीनची जाळी काढायला लावली होती आणि एका कामगाराची दोन बोटं गेली. काकांनी त्या सुपरवायझरची कॉलर धरली, त्याला फरफटत भट्टीपाशी नेलं आणि त्याचं तोंड दारापासून हातभर अंतरावर धरून ठेवलं. भुवया जळल्याचा वास आला तेव्हा सोडलं. तीन महिने सस्पेंड होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी कुटं मारलं त्याला? ऊब दिली फकस्त."

ते मूळचे लातूरकडचे. कुरुळीत दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. कारखान्याने कामगारांना शेअर दिले होते, ते बहुतेकांनी विकून टाकले. काकांनी ठेवले, वर ओव्हरटाइम मिळाला की त्यात भर घालत गेले. "ह्या कंपनीत माझे कान गेले," ते म्हणत, "मंग थोडी कंपनी माझी हाय का न्हाई?"

आता माझं सांगते. नवीन गिऱ्हाईक आलं की आमचे शेठ मला काही कोऱ्या स्लिपांवर त्याच्या सह्या घ्यायला लावत. ही स्लिप म्हणजे शेअरचा चेकच. ती भरली की शेअर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. "लोकांना हेलपाटा नको म्हणून," शेठ सांगायचे. मी काकांच्याही पाच सह्या घेतल्या. कशासाठी, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एका सकाळी काका मोबाइल पुढे धरून आले. त्यांचे सगळे शेअर खात्यातून गेल्याचा मेसेज होता, आणि दहा दिवसांनी परत आल्याचा दुसरा.

"मधले धा दिवस कुटं व्हते?"

शेठ हसले. "आले ना परत? मग झालं तर."

काका गप्प झाले. मग म्हणाले, "मला माझे शेअर चिंचवडच्या दुसऱ्या दलालाकडं न्यायचेत. स्लिपचं पुस्तक द्या."

"उद्या या."

तीन दिवस 'उद्या' झालं. चौथ्या दिवशी काकांनी काउंटरची काच एका ठोशात फोडली आणि मनगटातून रक्त गळत असताना शेठकडे बघत उभे राहिले. शेठने पुस्तक त्यांच्या अंगावर फेकलं.

दुसऱ्या दिवशी ते स्लिप भरून आले. "शिक्का मारून पोच द्या." शेठने मान हलवली, तशी त्यांच्या दोन माणसांनी काकांना ढकलत दाराबाहेर नेलं. काका पायरीवर पडले. उजवा हात उंबऱ्यावर, मुठीत स्लिप. ते उठणार तेवढ्यात एकाने शटर खाली ओढलं. हाडं मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. त्याने शटर वर घेतलं आणि पुन्हा आपटलं.

शेठ खुर्चीतून म्हणाले, "आता करा सही."

मी पर्स उचलली, मागच्या दाराने बाहेर पडले आणि काकांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पुन्हा त्या ऑफिसात गेले नाही.

प्लास्टर झाल्यावर मी त्यांना कोऱ्या स्लिपांचं सांगितलं. पाचपैकी एक भरून शेठने ते शेअर दहा दिवस स्वतःच्या व्यवहारासाठी वापरले होते, उरलेल्या चार त्यांच्या कपाटात होत्या. काका ऐकत राहिले. मग डाव्या हाताने स्टीलचा तांब्या उचलून फेकला. तो माझ्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला.

"तुला ठाऊक व्हतं?"

"स्लिपा कोऱ्या आहेत, हे ठाऊक होतं."

"मंग रडू नको. लिही."

शेठ ज्या मोठ्या ब्रोकरसाठी काम करत, त्याच्या पुण्याच्या ऑफिसला मी सगळं लिहून पाठवलं. कोऱ्या स्लिपांवर सह्या मीच घेतल्या, हेही लिहिलं. काकांना सही करता येत नव्हती, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर स्लिपवर डाव्या अंगठ्याचा ठसा देऊन तो साक्षांकित करून घेतला. त्याच संध्याकाळी आमच्या खिडकीतून दगड आले. आईच्या कपाळाला खोक पडली.

सकाळी बघते तर काका आमच्या जिन्यात बसलेले. हात गळ्यात बांधलेला, मांडीवर कारखान्यातली लोखंडी सांडशी. दुपारी तीच दोन माणसं आली. पहिला जिना चढत होता. काकांनी बसल्या जागेवरून सांडशी फिरवली. गुडघा फुटला. तो जिन्यातच किंचाळत लोळला, दुसरा पळाला.

पोलिस चौकीत साहेबांनी विचारलं, "मारलंत?"

"मारलं. एकदाच."

"ही मुलगी तुमची कोण?"

"साक्षीदार हाय. तिला काय झालं तर माझा कागद मेला."

पुण्याच्या ऑफिसातला अधिकारी आमचे कागद चाळत म्हणाला, "सही जुळायला हवी, अंगठ्याचं मला वर विचारावं लागेल." प्लास्टर तोवर निघालं होतं. काकांनी दातांनी बँडेज सोडलं आणि हात त्याच्या टेबलावर ठेवला. बोटं काळीनिळी, हाडं जुळवायला घातलेल्या दोन तारा बाहेर आलेल्या.

"ह्याच हातानं सही करत व्हतो. जुळवा."

अधिकाऱ्याने मान फिरवली आणि शिक्का हातात घेतला. काही दिवसांनी काकांचे सगळे शेअर चिंचवडच्या नव्या खात्यात आले. एकही कमी नव्हता. शेठचं ऑफिस बंद पडलं, त्यांच्यावरचा मारहाणीचा खटला अजून चालू आहे.

काकांची बोटं पुन्हा मिटली नाहीत. कारखान्याने त्यांना हातोड्यावरून काढून गेटवर बसवलं. मी भेटायला गेले की चहा पाजत. एकदा धीर करून विचारलं, "काका, मला माफ केलंत ना?"

"न्हाई," ते ओरडले. गेटवरची माणसं बघायला लागली. "उगं खोटं कशाला बोलू?"

दोन वर्षांनी ड्युटीवर असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं. मी तेव्हा ताथवड्याला दुसऱ्या एका दलालाकडे कामाला लागले होते. तेराव्यानंतर काकू कुरुळीहून दोन बस बदलून माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. शेअर त्यांच्या नावावर करायचे होते.

मी म्हटलं, "काकू, खातं चिंचवडला आहे. हे काम तिथंच होतं. तुम्ही इतक्या लांब कशाला आलात?"

"त्यांनी सांगून ठेवलं व्हतं," काकू म्हणाल्या. "म्हणले, मी गेलो तर कुटंबी अंगठा देऊ नको. आधी त्या पोरीला दाखव."

मी चिंचवडहून फॉर्म मागवून घेतला आणि त्यातली एकेक ओळ त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मगच शाईचं पॅड पुढे सरकवलं.