गिरिजाबाईचा पंप

गिरिजाबाईला जिनिंगमधून काढलं ते कामचुकारपणासाठी नव्हे, जिन्यात बसली म्हणून. जालन्याच्या त्या कारखान्यात बायकांनी डोक्यावर कापसाची टोपली घ्यायची, लोखंडी जिना चढायचा, वर यंत्राच्या तोंडात कापूस ओतायचा आणि पलीकडून उतरायचं. जिना एका बाईपुरताच रुंद. मधल्या पायरीवर एक जण टेकली की मागं सगळी रांग टोपल्यांसकट खोळंबायची. कितीतरी हंगाम कापसाची धूळ छातीत भरून घेतल्यावर गिरिजाबाई रोजच टेकू लागली, आणि मुकादम तातेरावनं एक दिवस खालूनच निकाल दिला, "गिरजे, ह्यो जिना हाये, एस्टीचा थांबा न्हाई. घरी जाय."

त्याच आठवड्यात साळूबाईलाही काढलं. साळूबाई शेजारीण, तिच्याच वयाची आणि तिच्यासारखीच धापणारी. फरक इतकाच की ती बिडी ओढायची. दोघींना तातेरावनं सारखीच अट घातली. दसऱ्यानंतर नवा हंगाम लागला की भरली टोपली घेऊन न थांबता वर जाऊन दाखवायचं, मग नाव परत लागेल.

गिरिजाबाईला ते नाव लागायलाच हवं होतं. मुलगा देवानंद सळयांच्या कारखान्यात होता, स्वभावानं वाईट नव्हता. "आता बस खाटंवर, आई," म्हणाला आणि खरोखरच दाराशी खाट टाकून दिली. सून तर कधी शब्दानं दुखवायची नाही. सासूला खोकला आला की ती फक्त आपलं ताट झाकून घ्यायची. गिरिजाबाई दिवसभर त्या खाटेवर बसून ताट झाकल्याचा आवाज ऐकायची आणि जिन्याची आठवण काढायची.

अशात शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात पुण्याचे एक डॉक्टर जालन्यात आले. कापसाच्या धुळीनं छाती गेलेल्यांना तोंडानं ओढायचं एक नवं औषध कितपत लागू पडतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. अशी माणसं जालन्यात मुबलक होती, शिवाय त्यांच्यावर पूर्वी कुणी कसलेच उपचार केलेले नव्हते. शास्त्राच्या दृष्टीनं असा माल दुर्मीळ. एका धर्मादाय दवाखान्यात खोली मिळाली, आणि लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगायला मच्छिंद्र नावाचा राजूरचा कंपाउंडर नेमला गेला.

मच्छिंद्रनं सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि बोटाएवढी निळी वस्तू दाखवली. "ह्यो पंप. याच्यानं औषध छातीत मारायचं."

"कपाशीवर मारत व्हते," साळूबाई म्हणाली, "आता कपाशीतल्या बायांवर मारून राह्यले."

लोक हसले, हसताना खोकले, आणि खोकला थांबेपर्यंत मच्छिंद्रला थांबावं लागलं. मग त्यानं मुख्य गोष्ट सांगितली. "काही पंपांत औषध हाये, काहींत नुसती हवा. कुणाला कोणता गेला ते मला ठाऊक न्हाई, डॉक्टरसायबालाबी न्हाई."

"मंग ठाऊक कुणाला हाये?" गिरिजाबाईनं विचारलं.

"कंपनीला."

"बाबासायबांनी सांगितलं म्हणून देव सोडला," गिरिजाबाई म्हणाली, "आता ही कंपनी आली."

मग पंप ओढायचा धडा झाला. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की औषध आत ओढल्यावर श्वास रोखून धरावा. मच्छिंद्रला हे पुस्तकी वाटलं. आपल्याकडं श्वास कोण घेतं, माणसं दम घेतात. लोकांच्या मायेपोटी त्यानं वाक्य सोपं करून टाकलं, "दाबा, ओढा, दम धरा!"

आता दम धर म्हटल्यावर जालन्यात माणूस काय करतो? थांबतो. रेशनच्या रांगेत थांबतो, तहसीलच्या व्हरांड्यात थांबतो, साहेब जेवून येईपर्यंत थांबतो. गिरिजाबाईचा तर यात जन्म गेला होता. तिनं पंप दाबला, ओढला, हुश्श करून सगळं सोडून दिलं, आणि हात मांडीवर ठेवून गुण यायची वाट बघत शांत बसून राहिली.

"बराबर! बिलकुल बराबर!" मच्छिंद्र तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला. "अशी शिस्त पाहिजे."

साळूबाईचीही समजूत तीच झाली होती. पण फुकट मिळालेली गोष्ट तोंडानं ओढून लगेच सोडून द्यायची, हे बिडीवालीच्या रक्तात बसेना. तिनं औषध आत कोंडलं, डोळे मिटून त्याची चव घेतली आणि मन भरल्यावर नाकातून सावकाश सोडलं. बिडी ओढणाऱ्यांना अभ्यासात घेतच नव्हते, पण तिनं "बिडीला म्या शिवलीबी न्हाई" असं सांगून अंगठा दिला होता.

पोळ्यापर्यंत साळूबाई हापशावरून भरली घागर आणू लागली. दसऱ्यानंतर तिनं टोपली घेऊन जिना चढून दाखवला आणि तिचं नाव लागलं. गिरिजाबाई सकाळ-संध्याकाळ न चुकता पंप ओढत होती, न चुकता दम धरत होती, आणि आता खाटेवरून मोरीपर्यंत जाताना भिंत धरत होती. तिनं सरळ हिशेब केला, की साळूच्या पंपात औषध आहे आणि आपल्याला हवा दिली आहे. एका सकाळी साळूबाई मोरीत असताना गिरिजाबाईनं तिच्या घरच्या कोनाड्यातला पंप उचलला आणि आपला तिथं ठेवून दिला.

दिवाळी आली. साळूबाई गिरिजाबाईच्या पंपावर पहिल्यासारखीच ठणठणीत. साळूबाईच्या पंपावर गिरिजाबाई पहिल्यासारखीच भिंत धरून. तेव्हा तिनं हिशेब दुरुस्त केला. पंप दोन्ही भरलेले असणार, आपणच रिकाम्या.

पुढच्या तपासणीला मच्छिंद्रनं पंपांवरचे नंबर पाहिले आणि दोघींना समोर उभं केलं.

"हिनंच चोरला," साळूबाई विचारण्याआधीच म्हणाली. "मला काय बी ठाऊक न्हाई, भाऊ."

मच्छिंद्रनं तिचं ऐकलं, कारण ती बरी होत होती आणि बरी होणारी माणसं त्याच्याकडं फार नव्हती. गिरिजाबाईला अभ्यासातून काढण्यात आलं. काढण्यापूर्वी छाती शेवटची तपासायचा नियम होता. डॉक्टरांनी तिला नळीत फुंकर मारायला लावली, मग टेबलावरचा स्वतःचा पंप दिला. त्यात औषध असल्याची खात्री होती. तिनं दाबला, ओढला, हुश्श केलं आणि हात मांडीवर ठेवले.

"मावशी, लगेच सोडलंत कशाला? धरून ठेवायचं ना!"

"धरलाय की दम."

"कुठे धरलाय?"

"ही काय, बसले न्हाई का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी तिला पुन्हा पंप ओढायला लावला, या वेळी तोंड मिटवून, नाक चिमटीत धरून. थोड्या वेळानं फुंकर घेतली तर काटा कुठल्या कुठं गेला. गिरिजाबाईला पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. बाहेर बाकावर बसलेल्यांना मच्छिंद्र मोठ्यानं समजावत होता, "दाबा, ओढा, दम धरा!" डॉक्टरांनी ते ऐकलं. मग ते उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. अभ्यास संपत आला होता. पुढं त्यांचा निबंध छापून आला, त्यात या भागातल्या रुग्णांना सदर औषधाचा लक्षणीय फायदा होत नाही असं सिद्ध झालं होतं.

"सायेब, आता कळलं मला," गिरिजाबाई म्हणाली. "द्या माझा पंप."

"आता देता येत नाही, मावशी. नियम मोडलात तुम्ही." तसे ते दयाळू होते. बाजारात मिळणाऱ्या पंपाचं नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

चिठ्ठी पदराला बांधून ती घरी गेली नाही. छाती मोकळी होती, पाय आपोआप चालत होते, ते तिला जिनिंगच्या फाटकात घेऊन गेले. तातेरावनं टोपली दाखवली. तिनं ती डोक्यावर घेतली आणि एका दमात चढून गेली. वरून तिनं खाली बघितलं. रांगेतल्या बाया वर बघत होत्या, साळूबाईही होती.

"च्यायला, म्हातारी पोरगी झाली की!" तातेराव म्हणाला. "उद्यापासून ये."

रात्री देवानंदनं चिठ्ठी वाचली. "टोपली घेऊन चढली म्हणतीस, मंग ह्यो खर्चा कशाला?" त्यानं विचारलं. गिरिजाबाईनं चिठ्ठी पुन्हा पदराला बांधली. ती आनंदात होती.

दुसऱ्या दिवशी ती मधल्या पायरीवर टेकली.

"ऊठ," तातेराव खालून म्हणाला.

"दम लागलाय, मुकादम."

"काल न्हाई लागला? काल नाव लावायचं व्हतं, आज काम करायचंय. नाटकं नको."

ती उठली. त्यानंतर तिच्या धापेवर कुणी विश्वास ठेवला नाही. रांगेतल्या बाया मागून टोपलीनं ढोसायच्या. घरी देवानंद म्हणायचा, "आई, त्या दिशी कशी चढली व्हती?" सून ताट झाकायचीही थांबली, कारण सोंगाची लागण होत नाही. गिरिजाबाई पौषापर्यंत जिना चढली. मग ओठ काळेनिळे पडले तेव्हा तिला सिव्हिलमध्ये नेलं, तोंडावर मास्क बसवला, आणि दोन दिवसांनी तो काढून घेतला.

अंत्ययात्रेला जिनिंगमधल्या बाया आल्या होत्या. कुणीतरी विचारलं, बाईला झालं तरी काय होतं.

"काय झाल्तं?" साळूबाई म्हणाली. "म्या डोळ्यानं पाह्यलं ना. भरली टोपली घेऊन वर गेल्ती. तिला काय बी झालं नव्हतं."