गाडीतला वास

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर बरेच दिवस मला लघवी धरता येत नव्हती. खोकलो, वाकलो, गाडीतून उतरताना पाय खाली टाकला, की पायजमा ओला. डॉक्टर म्हणाले, हळूहळू ताबा येईल. पण त्याच दिवसांत आमच्या गाडीत वास यायला लागला.

आमचं भाजीपाल्याचं वावर वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला लागूनच आहे आणि घर वावरातच. मुलाने घेतलेली जुनी गाडी घराच्या बाजूला, टिनाच्या शेडमध्ये उभी असते. त्याच शेडमध्ये जनावरांसाठी सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलेलं असतं. तपासणीसाठी मुलगा मला वाशिमला न्यायचा. मी पुढे, त्याच्या बाजूला बसायचो. एसी लावला की पहिल्याच झोताबरोबर तो वास तोंडावर यायचा. एसटी स्टँडच्या मुतारीसारखा, आणि त्यात काहीतरी सडल्याचा.

मुलगा कधी काही बोलला नाही. नुसती आपल्या बाजूची काच खाली करायचा. बाहेर ऊन रणरणत असायचं, तरी काच खाली. पुढे सुनेने माझ्या सीटवर प्लास्टिक अंथरलं आणि वर चादर टाकली. "बाबा, सीट धुता येत नाही ना," असं ती खाली बघत म्हणाली. मी मान हलवली.

मला स्वतःची किळस यायला लागली. दोनदा आंघोळ करायचो. कपडे सुनेच्या हाती न देता स्वतः घासून धुवायचो, वाळले की नाकाला लावून बघायचो. साबणाचाच वास यायचा, तरी माझा विश्वास बसत नसे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा वास येत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. शेवटी गाडीत बसणंच सोडलं. "एसीनं माहं डोकं दुखते," असं सांगितलं आणि तपासणीला एसटीने जायला लागलो. कुणी आग्रह केला नाही. तेही मला समजलं.

पुढे ताबा पूर्ण आला. तरी मी गाडीत बसलो नाही.

मग इंझोरीला नात्यातलं लग्न निघालं. मुलगा, सून आणि माझी बायको गाडीने गेले, मी घरीच राहिलो. संध्याकाळी बायको परत आली ती लुगड्याचा पदर नाकाला लावूनच.

"त्या गाडीत बसवत नाही," ती म्हणाली. "जीव घाबरा झाला माहा."

"मी तं नव्हतो गाडीत," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने पदर नाकावरून काढला. मग सावकाश म्हणाली, "तुमी नव्हते. तरी वास होता. आन् हवाबी थंड नाही लागून राह्यली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलाला गाडी अंगणात काढायला लावली. तो म्हणाला, "गॅस गेला असन बाबा. वाशिमले जाऊन भरून आणतो."

"आधी पाहू तं."

विहिरीवरची मोटर आणि फवारणीचे पंप मी आयुष्यभर घरीच खोलत आलो आहे. गाडीचा एसी कधी उघडला नव्हता, पण कसा खोलायचा ते मुलाने तिथेच मोबाइलवर बघितलं. इंजिन सुरू करून एसी लावला. बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसर टक करून फिरायला लागला. आत जाणाऱ्या दोन पाइपांपैकी जाड पाइपाला हात लावला तर तो गारेगार, वर पाण्याचे थेंब. म्हणजे गॅस होता आणि थंडीही तयार होत होती. ती आत पोचत नव्हती. पंखा सगळ्यात मोठ्या आकड्यावर ठेवला, तर आवाज मोठा आणि हवा मात्र कुणी फुंकर घालावी तेवढी.

"एसी चालू असला का गाडीखाली पाणी गळते," मुलगा म्हणाला. "आपल्या गाडीचं गळत नाही."

मी माझ्या सीटपुढचं मॅट उचललं. खालचा गालिचा चिंब होता. बोट लावून हुंगलं आणि हात झटकला. मुलाने तो ओलावा आधीही पाहिला असणार. कुणाचा समजला असेल, ते मी विचारलं नाही.

बॅटरीची वायर काढली. माझ्या सीटसमोरचा डॅशबोर्डचा खण रिकामा करून खाली पाडला. त्याच्या मागे एक पट्टी होती, तिच्याआड हवेचा फिल्टर. मी पट्टी काढून फिल्टर ओढला, तो अर्धाच हातात आला. उरलेला कुरतडलेला होता. त्याच्यामागून कुटाराचा एक गोळा माझ्या मांडीवर पडला. कुटार, सुतळीचे धागे, सीटचा स्पंज, सोयाबीनची टरफलं, सगळं लेंड्यांनी आणि मुताने लिबलिबीत झालेलं. गोळा फुटला. आत उंदराची पिल्लं होती. काही वाळून कातडी झालेली, काही अजून सडत होती आणि त्यांच्यात अळ्या वळवळत होत्या.

मुलगा उठून पेरूच्या झाडामागे गेला. त्याचं ओकणं मला ऐकू येत होतं. मी मांडी झटकली आणि पुढे हात घातला. राग इतका आला होता की किळस मागे पडली, पण ती थोडाच वेळ.

खालून पंख्याची मोटर खोलली. पंख्याच्या पात्यांत केस आणि लेंड्या ठासून भरल्या होत्या. जुन्या ब्रशने ते खरवडताना तोंडाला फडकं बांधलं होतं, तरी घशाला चव लागत होती. थंड होणारी जाळी त्याच्या पुढे असते. तिच्यावर काळा चिखल थापला होता. नवीन, औषध न घातलेला फवारणी पंप काढला, साबणाचं पाणी भरलं आणि जाळीवर मारायला लागलो. पाणी आत जात होतं, खाली काही येईना.

"नळी बुजली, म्हणून पाणी गाडीत उतरते," मी म्हणालो आणि वायर घेऊन गाडीखाली शिरलो. पाणी गळायची रबरी नळी सापडली. वायर घातली, फिरवली, ओढली. एकदम मोकळी झाली आणि ते काळं पाणी माझ्या तोंडावर आलं. मिशीत, नाकात, जिभेवर. बाहेर येईपर्यंतही थांबता आलं नाही. तिथेच कुशीवर वळून ओकलो.

बायकोने बादलीभर पाणी आणून माझ्या डोक्यावर ओतलं. मुलगाही तोपर्यंत परत आला होता. त्याने पंप उचलला आणि खालून स्वच्छ पाणी यायला लागेपर्यंत मारत राहिला.

पुढच्या काचेखाली हवा आत जायची फट असते. उंदीर तिथूनच शिरला असणार. मुलाने तिथे बारीक तारेची जाळी बसवली. मालेगावातून नवा फिल्टर आणला, गालिचा काढून उन्हात टाकला. सगळं परत जोडून एसी लावला, तेव्हा हवा जोरात आली आणि थंड आली. वासही होता, पण साबणाचा, आणि त्याखाली किंचितसा जुना.

आम्ही दोघं आत बसलो होतो. मुलगा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

"बाबा, मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

मीही पुढे काही विचारलं नाही. अळ्यांपेक्षा मला आमच्या घरातल्या या गप्प बसण्याची जास्त किळस आली. कुणी एकाने तोंडावर विचारलं असतं, तर मी त्याच दिवशी खण उघडला असता. सभ्यपणाने सगळे काचा खाली करत राहिले आणि मी चोरासारखा आपले कपडे हुंगत बसलो.

तिसऱ्या प्रहरी जेवायला बसलो. बायकोने वरण-भात वाढला. भाताची शितं बघितली आणि ताट सरकवलं. पलीकडे मुलानेही सरकवलं होतं.

"आता काय झालं तुमाले?" बायको म्हणाली.

"भाकर दे," मी म्हणालो. "आन् भात उचल इथून."

तिने दोन्ही ताटं उचलली आणि भाकरी टाकायला चुलीकडे गेली.