कथेत नसलेली शिलाई मशीन

परवा दुपारी दुकानात जे झालं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. हे लिहितानाही प्रत्येक वाक्य दोनदा तपासतोय... आणि या वेळी शुद्धलेखनासाठी नाही.

मी अहमदपूरला, तहसीलसमोरच्या एका टायपिंग सेंटरवर काम करतो. शपथपत्रं, अर्ज, भाडेकरार. शिक्षण बारावीतच सुटलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती जरा जास्तच... कुणी चूक काढू नये म्हणून एकेक कागद तीनदा वाचतो.

वर्षभरापासून कथा लिहायला शिकतोय. मोबाईलवर व्हिडिओ बघून वहीत नियम उतरवलेत. पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलंय, 'सांगू नका, दाखवा.'

मागच्या महिन्यात नांदेडला एक दिवसाची कथा कार्यशाळा होती. सुट्टी काढून एसटीनं गेलो. तिथले सर म्हणाले, आपल्या आजूबाजूचंच माणूस घ्या, त्याला नीट बघा... परतीच्या एसटीत माझं माणूस ठरलंसुद्धा.

उन्हाळ्यात एक ताई दुकानात आल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या राहणार होत्या, वेगळ्या रेशनकार्डासाठी शपथपत्र करायचं होतं. सगळी कागदपत्रं त्यांनी बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आणली होती.

मी त्यांच्यावर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं... डबा मात्र ठेवला, कारण तो मला फार आवडला होता. शेवटी शांत खोली, भिंतीवरचं घड्याळ आणि सहीच्या जागी टपकलेला अश्रू. फेसबुकवर टाकली, शंभरावर लाईक आले. 'डोळे पाणावले' असं कितीतरी जणांनी लिहिलं, आणि आठवडाभर मी हवेत होतो.

आमच्या दुकानाचे मालक चाचा. त्यांचा पहिल्या दिवसापासून एकच नियम... इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. मला वाटलं, नाव-गाव बदललं म्हणजे नियम पाळला.

आणि परवा त्या ताई दारात! आता लातूरला राहतात, तिथून खास आल्या होत्या. हातात मोबाईल, मोबाईलवर माझी कथा... भाचीनं दाखवली, आणि डब्याचं वाचल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

शेजारच्या टेबलावर चाचा चष्मा पुसायचे थांबले होते. नोकरी गेली, एवढंच डोक्यात आलं.

"हे तुम्ही लिहिलं का भाऊ?"

"हो ताई. चुकलं माझं. आत्ता काढून टाकतो."

"काढायचं नंतर बघू. आधी मला सांगा, मी कवा रडले?"

मला प्रश्नच कळला नाही.

"सांगा की. तुमच्यासमोर बसून मी रडले का?"

मी आठवायला लागलो... आणि काही केल्या आठवेना. डबा आठवत होता, त्यांची सही आठवत होती. अश्रू आठवत नव्हता, कारण तो मीच लिहिला होता.

"मान वर केली असती तर दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "भाईर ऑटो उभा होता. त्यात माझी शिलाई मशीन होती. त्याच दिवशी सासरहून उचलून आणली, समद्यांच्या डोळ्यांदेखत. तो ऑटोवाला सारखा हॉर्न वाजवून राहिला होता, अन् मला एकच भेव, हा मशीन घेऊन पळतो का काय! रडायला टाईम कुणाला होता?"

चाचा खो-खो हसले. मला हसू आलं नाही.

कारण हॉर्न मला आठवला. अगदी स्पष्ट... मीच वैतागून म्हणालो होतो, ताई, त्याला जरा गप्प बसायला सांगा, माझ्या टायपिंगमध्ये चूक होते. त्या दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आल्या होत्या. आणि मी कथेत लिहिलं होतं, शांत खोली.

मग ताईंचा आवाज एकदम खाली आला.

"ही गोष्ट आमच्या समद्या पाव्हण्यांत फिरली भाऊ. सासरीबी पोचली. मी रडत गेले म्हणून त्यांना लई बरं वाटलं असंल. मी रडत न्हाई गेले."

एवढंच त्या सांगायला लातूरहून आल्या होत्या.

शपथपत्राला साचा असतो. नाव, वय, धंदा, राहणार... मजकूर भरला की झालं. मी कथेतही तेच केलं होतं. दुःखी बाई म्हटलं की अश्रू, आणि वर 'दाखवा' हा नियम पाळल्याचं समाधान.

त्यांच्यासमोरच कथा काढून टाकली. त्या गेल्यावर चाचांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "ऐकलेलं भाईर नेलंस ते नेलंस, तेबी अर्धंच. अन् ज्याची गोष्ट, त्याला आधी विचारावं का नाही, लेखकसाहेब?"

मी टेबलावरचे माझे कागद आवरायला घेतले.

"उद्या टायमावर ये," ते म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसायला लागले.

काल मी ताईंना फोन केला. जे खरं झालं ते माझी चूक कबूल करून लिहू का, असं विचारलं. नाव घालायचं न्हाई, मशीन घालायची, एवढी एकच अट त्यांनी घातली. आज ही पोस्ट टाकायच्या आधी त्यांना फोनवर इथपर्यंत वाचून दाखवली. पलीकडे मशीन चालू होती, ऐकताना ती थांबली...

"हाव. असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "टाका."

आणि मशीन पुन्हा सुरू झाली. फोन कानाला तसाच धरून मी थोडा वेळ ते ऐकत राहिलो... त्यात माझ्याकडचं काहीही न घालता. ताई, तुमचे उपकार आहेत.