न ऐकलेलं गाणं

आमचा नचिकेत यंदाच क्रेगीबर्नजवळच्या एका फुटी, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, क्लबात खेळायला गेला आणि सारखं हरून कंटाळला, म्हणून मध्येच सोडून आला. त्याच्या आईने, प्रमिलाने, मात्र तिथल्या जर्सी धुण्याचं घेतलेलं काम सोडलं नाही. दर रविवारी आमचं अंगण त्या जर्सींनी भरायचं.

"हरणाऱ्यांचे कपडे किती घासशील?" मी वैतागायचो. प्रमिला पुढची जर्सी घासायला घ्यायची.

क्लबचं गाणं जिंकल्यावरच चेंजरूममध्ये गोल करून गायचं, अशी तिथली रीत. यंदा ते एकदाही झालं नाही.

शेवटची मॅचही गेली. पुढच्या वर्षी टीम उभी राहील का, कुणालाच ठाऊक नव्हतं. कपड्यांची बॅग उचलायला मी चेंजरूममध्ये गेलो, तर चिखलाने माखलेली पोरं जर्सी गोळा करणाऱ्या प्रमिलाभोवती गोल करून उभी.

"प्रमिला, आज तुझ्यासाठी गातो," कॅप्टन म्हणाला.

"खबरदार!" ती कडाडली. "फुकटचं गाणं मला नको. जिंकाल तेव्हा ऐकेन."

मग कॅप्टनने जर्सी उतरवली. एरवी तो ती कोपऱ्यात भिरकावायचा. आज नीट घडी करून त्याने तिच्या हातात दिली.

"पुढच्या सीझनला लागेल," तो म्हणाला.