दोनच पायऱ्या

मराठीतल्या ‘च’ने मला आयुष्यभर छळलं आहे. दोनच पायऱ्या आहेत, इथेच तर जायचंय, पाचच मिनिटं लागतील. असं सांगणाऱ्या माणसाने त्या पायऱ्या कधीही मोजलेल्या नसतात. मी दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डावा पाय कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये गेला. डाव्या हाताने कप धरता येतो, अंगाचा भार टाकता येत नाही. त्यामुळे पायऱ्या मोजल्याशिवाय मी कुठे जात नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बंगळूरला मल्लेश्वरममध्ये राहायचो. नवरा एका सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होता, मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात. शेजारच्या अक्का कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घरातल्या. कन्नडातलं ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, आणि त्याला मराठीचा ‘च’ जोडून त्यांनी स्वतःचा एक शब्द बनवला होता. बसवनगुडीतल्या एका देवळात त्या मला घेऊन गेल्या. “स्वल्पच पायऱ्या हायत गं, ये,” म्हणाल्या. एकोणीस निघाल्या. मी रिक्षात बसून राहिले. अक्कांनी माझ्या वाटचा प्रसाद खाली आणून दिला, तोही स्वल्पच.

सत्त्याण्णव साली नवऱ्याला कारखान्याने तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीत पाठवायचं ठरवलं. शेवटी चार दिवस सुट्टी मिळणार होती. माझं तिकीट आम्ही काढायचं, मी तिकडे जायचं आणि दोघांनी मिळून युरोपातलं एक शहर बघायचं, असा बेत झाला. शहर कुठलं ते मी ठरवायचं. माझी अट एकच होती आणि ती त्याला चौदा वर्षं पाठ होती: मला कोणी उचलायचं नाही.

ही अट लग्नातली. मामाने भाचीला बोहल्यावर आणायचं ही आपली रीत, आणि माझ्या मामाने मला कार्यालयाच्या पायऱ्यांवरून चक्क उचलून आणलं. मला विचारलं नाही. सगळं वऱ्हाड कौतुकाने बघत होतं, दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला, आणि मी मुंडावळ्यांच्या आड दात आवळून बसले होते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं, की पुढे जिथे मला स्वतःच्या पायांनी जाता येणार नाही तिथे आपण जाणार नाही. तो बरं म्हणाला. काही महिन्यांनी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका ओळखीच्या वर्कशॉपमधून त्याने लोखंडी पाइपचे कठडे करून घेतले आणि आमच्या दारातल्या तीन पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी बसवले. विमानतळावरच्या चाकाच्या खुर्चीशी माझं भांडण नाही, ती मी मजेत वापरते. उचलणं मात्र मला सहन होत नाही, आजही नाही.

ग्रंथालयात बसून मी पॅरिसवरची पुस्तकं वाचली. फोटो सुंदर होते. पण कुठल्याही इमारतीचा फोटो घेणारा माणूस पायऱ्यांच्या वर उभा राहून तरी फोटो घेतो, नाहीतर इतक्या लांबून की पायऱ्या दिसतच नाहीत. शेवटी नवरा म्हणाला, शनिवार-रविवार मला मोकळेच असतील, मी स्वतः जाऊन बघून कळवतो.

पहिलं पत्र पॅरिसहून आलं. भुयारी रेल्वे फार सोयीची आहे आणि जिने थोडेच आहेत, असं त्यात होतं. मी त्याच दिवशी उलटटपाली लिहिलं, की थोडेच म्हणजे किती, आणि इन्स्पेक्शनच्या माणसाने असं लिहायला लाज वाटायला हवी. रागाने लिहिलं होतं आणि टपालपेटीत टाकल्यावरही राग गेला नव्हता. परक्या देशात कामाचा आठवडा संपवून तो माझ्यासाठी वणवण करतोय हे मला कळत होतं, पण तरीही.

पुढच्या पत्रापासून ‘च’ गेला. तो खिशात स्टीलची टेप घेऊन पुन्हा पॅरिसला गेला होता. एका स्टेशनात चौसष्ट पायऱ्या, मध्ये एक वळण, सरकता जिना नाही. पॅरिस बाद. मग तो ॲम्स्टरडॅमला गेला. शहर तळहातासारखं सपाट, कालव्यांवरचे पूल चढाचे पण बिनपायऱ्यांचे. ट्रामची पहिली पायरी पस्तीस सेंटिमीटर, म्हणजे ट्राम बाद. घरांमधले जिने जवळजवळ शिडीइतके उभे, म्हणून वरच्या मजल्यावरची खोली नको. मग एका बाईंच्या घरी त्याला रस्त्यालगतच्या मजल्यावर खोली मिळाली. दारापर्यंत सात पायऱ्या, प्रत्येक अठरा सेंटिमीटर, दगडी, गुळगुळीत नाहीत, कठडा आहे. खाली त्याने कारखान्यातल्या अहवालावर करतात तशी सही केली होती. मी ते पत्र अक्कांना वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, “सात म्हणजे स्वल्पच की.”

मी ॲम्स्टरडॅम ठरवलं.

त्याचं ट्रेनिंग संपलं, मी तिकडे गेले आणि एका दुपारी आम्ही दोघं त्या घरापाशी पोचलो. सात पायऱ्या, सातच्या सात. उजव्या हाताला काळा लोखंडी कठडा होता, तो धरून मी चढले. वर पोचल्यावर मला इतका आनंद झाला की घरमालकीण बाईंशी मी मराठीत बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर पडायला दार उघडलं आणि आमची चूक दोघांनाही एकदमच दिसली. उतरताना कठडा डाव्या बाजूला, माझ्या अधू हाताकडे येत होता. उजव्या बाजूला काहीच नव्हतं, शेजारच्यांच्या कुंड्या होत्या फक्त. त्याने पायऱ्या मोजल्या, उंची मोजली, दगड हाताने चाचपून पाहिला, कठडा आहे हे लिहिलं. कुठल्या बाजूला ते लिहिलं नाही. मीही विचारलं नव्हतं. घरी दोन्ही बाजूंना कठडे लावून त्याने चौदा वर्षं मला बाजूचा विचारच करू दिला नव्हता.

तो आधी खाली उतरला आणि वळला. हात पुढे आलेच त्याचे. खालून सायकली जात होत्या, एक आजोबा थांबून बघत होते, आणि घरमालकीण बाई मागून काहीतरी प्रेमाने म्हणत होत्या ज्याचा अर्थ कुठल्याही भाषेत एकच होतो: उचलू दे त्याला. सात पायऱ्या होत्या. त्याने उचललं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मला रडू यायला लागलं. चार दिवस हे दार आणि ही खोली, एवढंच शहर मला दिसणार होतं. मी म्हटलं, “हात मागे घे.”

त्याने घेतले. पाठीमागे बांधून उभा राहिला.

मग मी शहराकडे पाठ केली. घराकडे तोंड केल्याबरोबर कठडा उजव्या हाताला आला, काल चढताना होता तसाच. तो घट्ट धरला आणि डावा पाय मागे, खालच्या पायरीवर सोडला. कॅलिपर दगडावर वाजला. मग उजवा पाय. हिरवं दार आणि त्यावरचा पितळी आकडा हळूहळू वर जात होते, दारातल्या बाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. मागचं मला काही दिसत नव्हतं. प्रत्येक वेळी पाय खाली सोडताना पायरी असेल ना, अशी धास्ती वाटत होती. खालून तो सांगत होता, सहा राहिल्या, पाच राहिल्या, कारखान्यात माप वाचून दाखवावं तशा आवाजात. तीनला मी दमले. थांबले. तो ये म्हणाला नाही, झालं म्हणाला नाही. मी पुन्हा पाय सोडला.

“दोन राहिल्या,” तो म्हणाला.

नुसतं ‘दोन’.