हिसके मिस्त्रींचा खडू

आमच्या नाशिक रोडच्या कॉलनीत त्यांना सगळे हिसके मिस्त्री म्हणायचे. खरं आडनाव मला अजूनही ठाऊक नाही. छपराची कैची, म्हणजे पत्रे पेलणारा लाकडी त्रिकोण, भिंतीवरच्या तुळईला पट्ट्या-बोल्टांनी आवळून झाली की ते मालकाला लाकडी घोड्यावर चढवायचे, तिच्याखाली खांदा लावायला सांगायचे आणि म्हणायचे, "द्या वर हिसका." कैची जरा जरी हलली तरी सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून.

"छप्पर पडत नाय साहेब, उडतं," हे त्यांचं ठाम मत. तरुणपणी त्यांनी बसवलेलं एक छप्पर वावटळीत उडून पंचवटीत कुणाच्या तरी मेथीच्या ढिगावर उतरलं होतं. माणसं वाचली, पण मेथीवाली अजून स्वप्नात येऊन शिव्या घालते, असं ते सांगायचे.

निवृत्तीनंतर मी हौसेनं गाडी घेतली आणि गॅरेज बांधायला मिस्त्रींना बोलावलं. कैच्या चार. पहिल्या तिन्हींना मी हिसका दिला, त्यांनी प्रत्येकीवर खडूनं बरोबरची खूण केली. चौथीला माझ्याच कमरेत उसण भरली. मिस्त्री खूण करीनात.

"वहिनींना बोलवू का?"

"तिला कशाला? कंबर बरी झाली की मीच देईन," मी खाली पडल्यापडल्या बाणेदारपणे म्हणालो.

त्यांनी पत्रे ठोकले आणि खडू तुळईवर ठेवला. "हिसका दिल्याबिगर खूण करायची नाय," असं बजावून ते गेले.

कंबर आठवड्यात बरी झाली, धीर काही होईना. चौथी हलली तर? जरा वारा सुटला की मी गाडी बाहेर काढून उघड्यावर लावायचो. "गॅरेज नेमकं कुणासाठी बांधलंय?" असं बायको विचारायची. दोन वर्षं गेली. शेवटी मिस्त्रींच्या देखत हिसका द्यावा म्हणून फोन लावला, तर त्यांच्या मुलीनं उचलला. बाबा गेल्या महिन्यात गेले, म्हणाली.

मला फार लागलं ते. तसाच गॅरेजमध्ये गेलो, शिडी लावली, चौथीखाली खांदा घातला आणि होतं नव्हतं ते बळ लावलं. ती ढिम्म हलली नाही. खडू उचलून खूण करायला गेलो, तर कैचीच्या मागच्या अंगाला, खालून दिसणार नाही अशी, एक खूण आधीच होती. जरा वाकडी.

"माझी आहे ती," दारातून बायको म्हणाली. "तुम्ही आत कंबर शेकत पडला होतात ना, तेव्हा दिला मी हिसका."

"आणि दोन वर्षं बोलली नाहीस?"

"मिस्त्रींनी शपथ घातली होती. म्हणाले, साहेबांना आपल्या हातानं खात्री करू द्या, दुसऱ्याच्या हिसक्यावर त्यांचा भरवसा बसायचा नाय, नायतर जन्मभर गाडी बाहेर काढत बसतील."

मी तिच्या खुणेशेजारी माझी खूण केली आणि गाडी आत लावली. आता वारा कितीही सुटला तरी मी उठत नाही. खडू मात्र परत तुळईवरच ठेवलाय. मिस्त्रींची वस्तू आहे, खिशात घालवेना.