छाती ठणठणीत, पायाचं बघा

"तुमची छाती स्वच्छ आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीवरून उठून त्यांना हातच जोडले. त्यांनी मला परत बसवलं. "पण साखर फार वाढली आहे. डायबेटीस आहे तुम्हाला, म्हणजे मधुमेह. बूट काढा, पाय बघू."

मी हसतच बूट काढायला वाकलो. साखर म्हणजे काय, चहा बंद करायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

मी लासूर स्टेशनजवळ एका खडी क्रशरवर ऑपरेटर आहे. हायवा ट्रकमधून आलेला दगड मशीनच्या जबड्यात पडतो आणि वरच्या केबिनमध्ये बसून मी त्याची खडी करतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. ज्यांनी मला हे मशीन शिकवलं ते काशिनाथमामा धुळीनं छाती भरून गेले. तेव्हापासून मला धास्ती होती ती फक्त छातीची.

धुळीवर आमच्याकडे एकच औषध, गूळ. सुटी झाली की प्रत्येकानं खडा तोंडात टाकायचा, म्हणजे दिवसभराची धूळ खाली उतरते, असं सगळेच मानतात. शेठ स्वतः ढेप पाठवतात.

गेल्या वर्षी माझं वजन उतरू लागलं. तहान भागेना. डोळ्यांपुढं धूसर दिसायचं. मी मनाशी म्हटलं, लागली आपल्यालाही धूळ. मग खड्याचा मूठभर गूळ झाला. जितका थकायचो तितका गूळ वाढवायचो. लघवीसाठी सारखं मशीन बंद करायला लागायचं आणि खाली हायवावाले हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे.

त्यातच अंगठ्याला दगडाची कपची लागली. जखम भरेना, पण दुखतही नव्हती, म्हणून मी खुशाल होतो. शेवटी माझी बायको सुमन मला ओढतच शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिलाही वाटलं होतं, छातीचंच असणार.

मोजा जखमेला चिकटला होता. मॅडमनी तो ओला करून काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. न्यूरोपथी झाली होती, म्हणजे साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, मग कापलं तरी कळत नाही. सडणं हाडापर्यंत गेलं असेल तर अंगठा काढावा लागेल, कदाचित त्याहून जास्त, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझं हसू जागच्या जागी विरलं. केबिनला चढायला लोखंडी शिडी आहे. पाय गेला तर मी चढणार कसा, आणि घर कशावर चालणार?

मला भरती केलं. इन्सुलिन सुरू झालं. डिब्राइडमेंट झालं, म्हणजे जखमेतला सडका भाग कापून काढला. हाडाचा रिपोर्ट यायचा होता. त्या दिवसांत मी देवाचं नाव घेतलं आणि पंख्याची पाती बघितली, दुसरं काही केलं नाही.

एके दिवशी क्रशरवरची मंडळी भेटायला आली. येताना काय आणावं? पिशवी भरून गूळ. सिस्टरनी ती पिशवी अशी काही उचलली की बाजूच्या खाटेवरचे आजोबा पोट धरून हसले. तेवढ्यात मॅडम राउंडला आल्या. त्यांनी सगळ्यांना ओळीनं उभं केलं.

"गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. दोघांची गाठच पडत नाही. मास्क लावा, आणि खडीवर पाणी मारायला सांगा."

"मग इतकी वर्षं आमी काय खाल्लं, मॅडम?" आमच्यातल्या एकानं विचारलं.

"गूळच खाल्ला," मॅडम म्हणाल्या, आणि जाता जाता मला सांगितलं की रिपोर्ट आलाय, हाड शाबूत आहे. मी लहान पोरासारखा रडलो. हसलोही.

खडीवर, खाणीत राबणाऱ्या भावांनो, बहिणींनो, छाती तपासाच, पण साखरही तपासा. आणि न दुखणाऱ्या जखमेवर कधी विसंबू नका. मी आता मास्क लावून कामावर जातो, जेवण मोजकं, गोळ्या वेळेवर, आणि शिडी पूर्वीसारखीच चढतो.

मॅडमनी एक सक्त नियम घालून दिलाय, तळपाय रोज बघायचे. आपले आपल्याला दिसत नाहीत म्हणून सुमन बघते. संध्याकाळी ओट्यावर बसून ती म्हणते, "दावा पाय." परवा तिचं बघून झाल्यावर मी म्हटलं, आता तुझा दे.

"बाईमानसाचे पाय कुणी हातात घेतं व्हय? लोकं हसतील."

मी तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. टाचांना एवढ्या भेगा होत्या की माझं बोट जाईल. लग्नानंतर ती आमच्याच क्रशरवर खडीच्या पाट्या उचलायची. चालताना दुखतं, असं तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी माझंच मलम तिच्या टाचांना चोळलं. ती तोंड फिरवून बसली, पण पाय काही मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला तपासायला नेलं. तिची साखर अगदी बरोबर निघाली. परतीच्या रिक्षात ती म्हणाली, "काय नाय निघालं, तरी बी पाय रोज बघायचे बरं का."